आई, तू आधी जेव

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, बाबांनी रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा मी बसमध्ये उभी होते. हिमोग्लोबिन ८.२. निदान १२ तरी हवं. वणीला पायऱ्यांवर बसलीस आणि ऊन लागलं म्हणालीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ठरवून टाकलंय, रागावू नका. एक तारखेपासून पंचवटीतल्याच पोळ्यांच्या बाई सकाळी साडेनऊला येतील. पैसे मी परस्पर देईन. बाबा, पोळी पातळ असते त्यांची, मी मागच्या खेपेला खाऊन बघितलीय. भाकरीही छान थापतात. आई, तुझ्या डब्यांना त्या हात लावणार नाहीत, फोडणी तुझीच. तुझ्या हाताला नावं ठेवत नाहीये गं. पण तवा उतरेपर्यंत तू बसत नाहीस, आणि बसतेस तेव्हा भाजी संपलेली असते.

कढईत भात कालवून जेवायचीस तू, ओट्याशी उभ्यानं. कडेची तेलकट खरपूड बोटानं पुसून. मी कढईला हात लावला की म्हणायचीस, लग्नात पाऊस पडेल. मला मेतकूट-भातावर तुपाची धार. तुझ्या ताटात काय असायचं, मी एकदाही पाहिलं नाही. हे मला फार लागतंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांमध्ये २५ टक्के. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं रक्त त्यात तपासलेलंच नाही. मूल होण्याचं वय सरलं की तिच्या अंगातल्या रक्ताची मोजणीही थांबते. १९६९ मध्ये बॉस्टनच्या काही बायका एकत्र बसून आपल्या शरीराचा अभ्यास करू लागल्या, डॉक्टर त्यांना नीट काही सांगत नव्हते म्हणून. तसं आपणही बसायला हवं होतं, तू, मी आणि आजी.

मला बघायला येणार होते त्या उन्हाळ्यात तू माझा भात बंद केलास. काळजीनंच केलंस, माहितीय. पण बघ ना, मी बारीक दिसायचं ते पाहुण्यांसाठी, तू उरलंसुरलं खायचंस ते घरासाठी. स्वतःच्या भुकेसाठी आपल्यापैकी कोण जेवलं? आजीला दोष देत नाही. तीही शेवटीच बसायची.

आता ऐक. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये तासभर जाऊ दे, लिंबू-पाण्याबरोबर घे. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस, ते लोहामुळे. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली शौचाची तपासणी गोळी सुरू करायच्या आधी द्यायची. लाजायचं नाही. या वयात रक्त कुठे झिरपतंय का, ते बघावंच लागतं. संकष्टी आणि गुरुवार तूर्त बंद. देवाशी मी बोलते.

बाबा, तुम्ही वाढून घ्या. जमतं तुम्हाला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी आमटीसुद्धा केली होतीत. आणि ती समोर बसल्याशिवाय पहिला घास घेऊ नका, एवढं माझ्यासाठी.

आळिवाचे लाडू कुरिअरनं पाठवलेत. वाटायचे नाहीत, शेजारीसुद्धा नाही. रात्री आठला व्हिडिओ कॉल करीन. आई, ताट दाखव. बाबांचं नको, तुझं.

तुमची,
छकुली