ठळक छापलेला आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे

संपादक महोदय,

'फुल बॉडी चेकअप'मध्ये हल्ली ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारे घटक मोजणाऱ्या रक्तचाचण्या, सर्रास घातले जातात. माझ्या वहिनींचा सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, आला ५८. ३५ च्या वर म्हणून रिपोर्टात ठळक छापलेला. घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. सोनोग्राफीत निघाली एंडोमेट्रिओसिसची गाठ, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढून झालेली, कॅन्सर नसलेली गाठ. पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्येही (गर्भाशयातल्या साध्या गाठी) हा आकडा चढतो, पण रिपोर्टवर त्याची एक ओळ नव्हती. उलट अंडाशयाच्या कॅन्सरच्या सुरुवातीला तो जवळपास निम्म्या जणींत नॉर्मलच असतो, आणि ही खोटी निश्चिंती मला जास्त घातक वाटते. उपचार लागू पडताहेत का, हे बघायला मार्कर उत्तम. लवकर निदानासाठी स्तनाच्या कॅन्सरला मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला एचपीव्ही विषाणूची तपासणी आहे. लक्षणं नसताना, डॉक्टरांनी सांगितलं नसताना मार्कर विकणं लॅबनी थांबवावं.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन