ताई, तुम्ही डबीला तारीख विचारलीत

प्रिय ताई,

जूनमध्ये तुम्ही पुण्याला परत गेलात तेव्हा एस.टी. स्टँडवर नुसतंच ‘थँक्यू’ म्हटलं होतं. ते मला पुरेसं वाटलं नाही. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्यासारखी छोटी वाचनालयं आणि शाळा पुष्कळ आहेत, आणि अशी डबी त्यांच्याकडेही असेल.

आमचं वाचनालय कोकणातलं, कौलारू. पावसाळ्याआधी छपराचं काम काढलं म्हणून 12 मेला मेन स्विच पाडून कुलूप लावलं, ते 9 जूनला उघडलं. बाहेर अकरावीच्या ऑनलाइन अर्जासाठी मुलं उभी होती. सहा कॉम्प्युटर सुरू झाले, राउटरचे दिवे हिरवे लागले, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक पडद्यावर तेच: सर्व्हर सापडत नाही, डीएनएस प्रतिसाद देत नाही.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी (आयपी) पत्ता सांगणारी सेवा. आमच्याकडे ते काम मुलं जिला ‘डबी’ म्हणतात ती रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, करते. वाचनालयाच्याच एका जुन्या वाचकाने नोकरीला जाण्याआधी ती बसवून दिली होती. तिच्यात पाय-होल नावाचा प्रोग्राम आहे, त्यामुळे जाहिराती आणि लहान मुलांनी बघू नयेत अशा साइट अडतात. मागे अनबाउंड हा दुसरा प्रोग्राम आहे, जो साइटच्या नावाचा आयपी पत्ता स्वतः शोधून आणतो. चालू असली की तिची आठवणही होत नाही. तिला काही झालं की सगळं वाचनालय आंधळं होतं.

आदल्या वर्षी वादळात झाडं तारांवर पडून चार दिवस वीज नव्हती, तेव्हाही असंच झालं होतं. दुरुस्तीला आलेल्या मुलाने राउटर बदलला, डबीला अर्धा तास बाहेरचा डीएनएस दिला, मग काढून घेतला, आणि सगळं चालू झालं. आम्ही नव्या राउटरचे पैसे दिले. या वेळी फोनवर दोघांनी दोन उपाय सांगितले. एक म्हणाला, डबी काढून टाका आणि सगळीकडे 8.8.8.8 हा गुगलचा डीएनएस टाका. दुसरा म्हणाला, आलेलं उत्तर खरं आहे का हे पाहणारी अनबाउंडमधली डिजिटल सह्यांची तपासणी बंद करा. खरं सांगते, दोन्हींपैकी काहीही करायला मी तयार होते. अर्जाला दोनच दिवस उरले होते.

तुम्ही आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावी आला होतात. स्वतःचं ऑफिसचं काम घरून चालू असताना दुपारी दीड वाजता लॅपटॉप घेऊन पायऱ्या चढून आलात. आल्या आल्या कशालाही हात लावला नाहीत. आधी विचारलंत, शेवटचं नीट कधी चाललं होतं, मध्ये काय काय झालं, वीज किती वेळ जाते. लोडशेडिंगमध्ये तास-दोन तास वीज जाऊन आली की काहीच बिघडत नाही, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. ते इतकं महत्त्वाचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग एकेक शक्यता तुम्ही मुलांना दाखवत बाजूला काढलीत. 1.1.1.1 या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारली, उत्तर आलं, म्हणजे फायबरची लाइन शाबूत. अनबाउंड चालू आहे का पाहिलं, चालू होता. डीएनएसचं ठरलेलं दार, पोर्ट 53, दुसऱ्या कुणी अडवलाय का पाहिलं, नव्हता. मशीन सुरू होताना नेटवर्कचा पत्ता मिळायच्या आधीच डीएनएस सेवा उठते आणि चुकीच्या जागी कान लावून बसते, हा नेहमीचा बिघाड, म्हणून तुम्ही सेवा हाताने रीस्टार्ट केलीत. म्हणालात, क्रमाचा घोटाळा असेल तर आता चालेल. चाललं नाही. मग डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी ‘डिग’ ही आज्ञा चालवलीत. उत्तर आलं ‘सर्व्हफेल’, म्हणजे उत्तर देता येत नाही. त्याच आज्ञेला ‘सीडी’ जोडून, म्हणजे सह्या तपासू नकोस असं सांगून, पुन्हा विचारलंत, आणि पत्ता लगेच आला.

तेव्हा तुम्ही खुर्ची मागे सरकवून मुलांकडे वळलात आणि विचारलंत, ‘या डबीच्या मते आज कुठली तारीख आहे, सांगा बघू?’

नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘12 मे. मी बाईंना सांगितलं होतं.’

ताई, तिने खरंच सांगितलं होतं. सकाळी पाय-होलचं पान उघडलं होतं तेव्हा ती माझ्या खांद्यावरून बघत होती. ‘बाई, हिची तारीख चुकलीय,’ ती म्हणाली आणि मी ‘थांब गं जरा’ म्हणून तिला गप्प केलं. त्याची खंत मला आजही आहे. तुम्ही मात्र तिला पुढे बोलावलंत, कीबोर्ड तिच्या हातात दिलात आणि ‘डेट’ टाइप करायला लावलंत. पडद्यावर 12 मे आला. पोरांच्या मोबाइलवर 9 जून होता.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी तेव्हाच उतरवून घेतलं. रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत कुठल्याच बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. (पाचव्यात ते आलं, पण सेल वेगळा जोडावा लागतो.) डबी शेवटची वेळ एका फाइलीत लिहून ठेवते, वीज आली की तिथूनच पुढे मोजू लागते, आणि खरी वेळ नंतर इंटरनेटवरून विचारून घेते. इकडे डीएनएसच्या अगदी मुळावर, म्हणजे नावांचा शोध जिथून सुरू होतो त्या सगळ्यात वरच्या पातळीवर, 2010 पासून डिजिटल सह्या असतात, त्यालाच डीएनएससेक म्हणतात. प्रत्येक सहीवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मुळाच्या सह्या सतत नव्याने होतात. जूनमध्ये केलेली सही 12 मेच्या डबीला दिसली की ती म्हणणार, ही तारीख अजून उजाडलेलीच नाही. ‘पुढच्या तारखेचा चेक बँक वटवते का?’ तुम्ही विचारलंत, आणि मागे बसलेले पतपेढीत काम करणारे आजोबासुद्धा हसून मान डोलवू लागले.

आणि खरी मेख पुढेच होती. खरी वेळ विचारायची तर वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायला हवं. नाव शोधणार कोण, तर तीच डबी. तिला सह्या पटत नाहीत, म्हणून नाव सापडत नाही, म्हणून वेळ मिळत नाही, म्हणून सह्या पटत नाहीत. किल्ली कपाटात आणि कपाट बंद! लोडशेडिंगचं कोडंही तिथेच सुटलं. अनबाउंड घड्याळातली थोडी चूक चालवून घेतो, सहीच्या मुदतीप्रमाणे एका तासापासून जास्तीत जास्त एका दिवसापर्यंत. दोन तास वीज गेली तर ते त्यात बसतं. चार दिवस बसत नाहीत, अठ्ठावीस तर नाहीतच. त्या दुरुस्तीवाल्या मुलानेही खोटं काही केलं नव्हतं. त्याने डबीला बाहेरचा डीएनएस दिला त्या अर्ध्या तासात तिला खरी वेळ मिळाली, आणि श्रेय राउटरला गेलं.

तुम्ही त्या मुलीकडूनच हाताने तारीख घालून घेतलीत. मिनिटभरात साइट उघडल्या आणि संध्याकाळपर्यंत अकरावीचे सगळे अर्ज गेले. तिथे थांबला असतात तरी आम्ही जन्मभर नाव काढलं असतं. पण मी विचारलं, ती तपासणीच बंद केली तर ही कटकट कायमची जाईल ना? तुम्ही ठाम ‘नाही’ म्हणालात. या मुलांच्या घरचे बँकेचे व्यवहार, त्यांच्या स्कॉलरशिपचे अर्ज याच कॉम्प्युटरवरून होतात, कुणी मधल्या मध्ये खोट्या पत्त्यावर नेऊ नये म्हणून ती तपासणी आहे, घड्याळ चुकलंय तर घड्याळ दुरुस्त करायचं. इतक्या घाईत, इतक्या लोकांसमोर, सोपा मार्ग असताना तुम्ही तो घेतला नाहीत. माझ्या मनात सगळ्यात खोल राहिलंय ते हे.

पाचव्या दिवशी कुरिअरने डीएस 3231 नावाचं बोटाच्या पेराएवढं घड्याळ आलं. पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून त्याच किमतीची दोन पुस्तकं तुमच्या आईंच्या नावाने नोंदवली आहेत. साध्या सेलला चार्ज करू पाहणारा त्या पट्टीवरचा एक रेझिस्टर तुम्ही आधी काढून टाकलात, कारण सीआर 2032 हा चार्ज करायचा सेल नव्हे. मग घड्याळ पिनांवर बसवलंत, डबीच्या सेटिंगमध्ये त्याची एक ओळ घातलीत, फाइलीतून वेळ वाचण्याची जुनी सोय काढलीत. शिवाय वेळेच्या एका सर्व्हरचं नाव न देता थेट आयपी पत्ता दिलात, म्हणजे उद्या सेल संपला तरी डबी नाव न शोधता वेळ विचारू शकेल. हे सगळं त्या मुलीच्या अक्षरात, मराठीत, एका कागदावर लिहून घेतलंत. तो कागद आता राउटरच्या वर चिकटवलेला आहे. पहिलीच ओळ आहे: ‘आधी तारीख बघा.’

जाताना म्हणाला होतात, दिवाळीत मुद्दाम बंद ठेवून बघा आणि कळवा. तसंच केलं. डबी 11 दिवस बंद ठेवली, आणि काल सकाळी कुलूप काढलं. ती मुलगी माझ्याआधी दारात हजर होती. स्विच तिनेच दाबला. राउटरची वायर मी मुद्दाम काढून ठेवली होती, म्हणजे डबीला बाहेरून वेळ विचारताच येऊ नये. तिने ‘डेट’ टाइप केलं, पडद्यावरची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून पाहिली, मग मोबाइलवरची मिनिटंही. जुळली. मग वायर लावली आणि पहिली साइट एका दमात उघडली. ती तुम्हाला सांगायला म्हणून उड्या मारत होती, पण तुमच्या ऑफिसची वेळ असेल म्हणून मी फोन करू दिला नाही. रविवारी करेल.

आईंचा दुसरा डोळा कधी करायचा ठरलाय तेही तेव्हाच सांगा. तुम्हाला सुट्टी मिळाली नाही तर दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी राहीन.

तुमची,
वाचनालयाची ग्रंथपाल