नवी चाके घेण्याआधी हवा मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की नागपुरात अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि वर्धा रोडवर पहाटे रोडबाईक, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकली, वाढतात आणि दुकानांत एक तक्रारही वाढते: ‘सायकल जड चालते.’ काही तुटलेले नसते, चाकाला आउट (वाकडेपणा) नसतो, तरी पाय भरून येतात आणि सोबतचे पुढे निघून जातात. अशा वेळी हलकी चाके किंवा थेट नवी सायकल घ्या, हा सल्ला फार लवकर दिला जातो. आम्ही सायकलीचे काम करणारी माणसे आहोत. सायकल जड होण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ खर्चात दूर होतात आणि ती कोणत्या क्रमाने शोधावीत, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

वजनाचा हिशेब आधी संपवू. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जायला साधारण 100 ते 110 वॉट लागतात. सायकल एक किलोने हलकी केली, तर त्यातला अर्धा वॉटही वाचत नाही. एक टक्का चढावर फार तर एक वॉट वाचेल. हजारो रुपयांची हलकी चाके घेऊनही ‘फरक पडला नाही’ असे लोक म्हणतात, ते खरेच असते.

याउलट तोच एक टक्का चढ स्वतःच 55 वॉट मागतो. म्हणजे डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता निम्मी मेहनत वाढवू शकतो. वाऱ्याचेही तसेच. ताशी 25 च्या वेगात समोरून ताशी 10 किलोमीटरचा वारा असेल, तर हवा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते, आणि एवढा वारा अंगाला फारसा जाणवतही नाही. म्हणून पहिली तपासणी हत्याराविना करायची. वारा नसलेल्या पहाटे एकाच रस्त्याने जा आणि त्याच रस्त्याने परत या. जाताना जड आणि येताना हलकी वाटली, तर सायकल ठीक आहे. दोन्हीकडून जड वाटली, तर पुढचे वाचा.

सगळ्यात मोठा गुन्हेगार हवा. रोडबाईकची ट्यूब बारीक, आत हवा थोडी आणि दाब जास्त, त्यामुळे पंक्चर नसतानाही आठवड्याभरात दाब जाणवेल इतका उतरतो. अंगठ्याने दाबून हे कळत नाही. 60 आणि 90 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) अंगठ्याला सारखेच कडक लागतात. गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असलेला उभा फ्लोअर पंप हवाच. पेट्रोल पंपावरची नळी या सायकलींच्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हवर बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, तो स्वस्त आहे आणि पाऊचमध्ये असावा. पण कारच्या 30-35 पीएसआयची सवय असलेल्या यंत्रावर आणि त्याच्या गेजवर विसंबू नये. प्रेस्टामध्ये हवा भरताना टोकाची छोटी नट पूर्ण सैल करून ती एकदा बोटाने दाबावी, ‘फुस्स’ आवाज आला की मगच पंप लावावा. हे केले नाही तर आतली पिन चिकटलेली राहते, गेजचा काटा वर चढतो आणि टायरमध्ये हवा जातच नाही.

किती भरायची? 70 किलोच्या स्वाराने 25 मिमी रुंदीच्या टायरमध्ये पुढे 80 आणि मागे 85 ते 90, 28 मिमीत पुढे 65 ते 70 आणि मागे 70 ते 75, तर 32 मिमीत पुढे 50 आणि मागे 55 पीएसआयपासून सुरुवात करावी. वजनात दर पाच किलोला दोन-तीन पीएसआय कमी-जास्त. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही. इथेच नागपुरात अनेकांची उलटी चूक होते. सिमेंट रस्त्यांचे सांधे आणि आडव्या रेघा यांवर 110 पीएसआयचा टायर उड्या मारतो. प्रत्येक उडीत पुढे जायची ताकद हादऱ्यात आणि अंगात जिरते. हाताला झिणझिण्या येतात, म्हणून वेग वाढल्यासारखे वाटते. बेताच्या हवेवर सायकल शांत चालते, म्हणून संथ वाटते. त्यामुळे वाटण्यावर जाऊ नका, घड्याळ लावा. तापमानाचाही थोडा संबंध आहे: 80 पीएसआयच्या टायरमध्ये दहा अंश फरकाने साधारण तीन पीएसआय बदलतात. हवा सकाळी, बाहेर पडण्याआधी मोजावी, दुपारी उन्हात उभ्या सायकलीची मोजू नये.

हवा बरोबर असूनही जड असेल, तर टायर बघा. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्या धास्तीने आपल्याकडे टायरच्या आत प्लास्टिकची पट्टी टाकतात, वर जाड पंक्चरप्रूफ टायर चढवतात आणि ट्यूबमध्ये द्रावणही भरतात. तिन्ही मिळून सायकल मारून टाकतात. टायर रस्त्यावर टेकताना जितका सहज दबेल आणि परत फुलेल, तितका तो हलका धावतो. जाड रबर आणि आतली पट्टी नेमके तेच होऊ देत नाहीत. चांगल्या आणि जाड टायरच्या जोडीत याच वेगाला दहा-पंधरा वॉटांचा फरक सहज पडतो. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते इथे करा. पंक्चरची भीती असेल, तर टायरमध्येच विणलेला संरक्षक पट्टा असलेला 28 मिमीचा लवचिक टायर घ्या आणि आतली प्लास्टिकची पट्टी काढून टाका. उन्हात कडक होऊन बाजूला भेगा पडलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा.

मग घासणे. चाक उचलून हाताने फिरवा. ते बराच वेळ फिरून हळूहळू थांबले पाहिजे आणि शेवटी वॉल्व्हच्या वजनाने थोडे मागे-पुढे झुलले पाहिजे. पटकन थांबले, तर बहुतेक वेळा ब्रेक लागतो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला आवळणारा) असेल तर आधी ब्रेकला हात लावू नका. सायकल जमिनीवर उभी ठेवा, क्विक रिलीज (चाक आवळणारी लिव्हर) सैल करा, सीटवर वजन देऊन चाक खाचेत पूर्ण बसवा आणि मग लिव्हर आवळा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण चाक तिरके बसलेले असते. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सैल करून ब्रेक घट्ट दाबून धरा आणि तसेच धरून बोल्ट आळीपाळीने आवळा. तरीही घासत असेल, तर हायड्रॉलिक पिस्टन मातीने अडकले असू शकतात, ते साफ करून घ्या.

ब्रेक घासत नाही आणि तरी चाक लवकर थांबते, मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. चाक काढा, एक्सल (मधला दांडा) दोन बोटांत धरून फिरवा. खरखर लागली तर आत माती आहे. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या पाण्याने धुतलेल्या सायकलींचे हे हमखास होते, कारण पाणी सीलमधून आत जाते आणि ग्रीस निघून जाते. खरखर नाही पण फिरणे घट्ट आहे, तर कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारी शंकूसारखी नट, जास्त आवळला आहे. कोन आणि छर्रे असलेल्या हबमध्ये एक बारकावा आहे, तो अनेक ठिकाणी सुटतो. क्विक रिलीज आवळताना पोकळ एक्सल किंचित दबतो आणि छर्ऱ्यांवरचा ताण वाढतो. म्हणून चाक हातात असताना किंचित ढिलाई ठेवावी, इतकी की लिव्हर आवळल्यावर ती नाहीशी होईल. पुढे सहसा 13 आणि मागे 15 मिमीचा पातळ कोन पाना लागतो. छर्रे पुढच्या चाकात बहुधा 3/16 इंचाचे, प्रत्येक बाजूला दहा, आणि मागे पाव इंची, प्रत्येक बाजूला नऊ. कपात खड्डे पडलेले नसतील, तर नवे छर्रे आणि ताजे ग्रीस एवढ्यावर चाक नव्यासारखे होते. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) तपासायला चेन पुढच्या दात्यांवरून आत उतरवून ठेवा, एक हात फ्रेमवर ठेवा आणि क्रँक फिरवा. आतली खरखर हाताला कळते.

चेनबद्दल थोडक्यात. इंजिन ऑइलने माखलेली काळी चेन धूळ धरते आणि ती धूळ कानशीसारखी दाते खाते. चेन डिझेल किंवा केरोसीनने धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रत्येक रोलरवर चेन लुब्रिकंटचा एकच थेंब टाका, पाच मिनिटे पॅडल उलटे फिरवा आणि बाहेरचे सगळे पुसून काढा. वंगण आत हवे, बाहेर नको. चेनच्या बारा पूर्ण जोड्यांचे (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडी) माप नवी असताना 304.8 मिमी असते. ते 306.3 च्या वर गेले की 11 आणि 12 स्पीडची (मागे तितक्या चकत्या असलेली) चेन बदलावी. 8 ते 10 स्पीडला 307 पर्यंत चालते.

सीट पोस्ट हळूहळू खाली सरकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सीट एक-दीड सेंटिमीटर उतरली की गुडघा पुरता सरळ होत नाही, मांड्या लवकर थकतात आणि दोष मात्र सायकलीला जातो. टाच पॅडलवर ठेवली असता पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा. उंची जमली की पोस्टवर टेपची खूण करा.

एवढे झाल्यावर खात्री करायची असेल, तर सेमिनरी हिल्स परिसरातला कमी वर्दळीचा, पुढे सपाट होणारा मंद उतार शोधा. वारा नसताना एका खुणेपासून पाय न मारता सायकल सोडा आणि ती जिथे थांबेल तिथे खडूने रेघ मारा. असे तीनदा करा. नंतर एकच गोष्ट बदला, नुसती हवा किंवा नुसता टायर, आणि पुन्हा तीनदा. स्वार, कपडे आणि बसण्याची पद्धत तीच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

आमची दुकानदारांना आणि मेकॅनिकांना एक विनंती आहे. सर्व्हिसिंगच्या बिलावर पुढच्या-मागच्या टायरचा दाब, चेनचे माप आणि हब उघडला की नाही, हे तीन तपशील लिहून द्यावेत. आणि महापालिकेने अंबाझरी व फुटाळा परिसरात गेज आणि प्रेस्टा अडॅप्टर असलेला एकेक उभा पंप बसवावा, त्याच्या गेजची वेळोवेळी तपासणी करावी आणि शेजारी वरचे दाबाचे आकडे मोठ्या अक्षरांत लावावेत.

कळावे,
सायकल दुरुस्ती करणारे काही जण, नागपूर