कोशाला दोष कशाला?

रविवारच्या पुरवणीतील इंग्रजी शब्दांच्या बिघडत्या अर्थांवरील लेख वाचला. ‘लिटरली’ला (मूळ अर्थ ‘शब्दशः’) केवळ जोर देण्यापुरता अर्थ देऊन शब्दकोशांनी चुकीपुढे मान तुकवली, हे लेखकाचे मत पटले नाही. ऑक्सफर्ड कोशाने ही नोंद २०११ मध्ये केली. पण तिथले जुने उदाहरण १७६९ सालचे आहे, आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने तर हा वापर १९०९ मध्येच टिपला होता. लोक शब्द कसा वापरतात हे नोंदवणे, एवढेच कोशाचे काम. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख, याचे आज कोणाला दुःख नाही.

काळजी हवी ती ‘डिसइंटरेस्टेड’ (म्हणजे निःस्वार्थ, तटस्थ) यासारख्या शब्दांची. लवादाचा निकालात स्वतःचा स्वार्थ नसावा, हे या एका शब्दात सांगता येते. (सतराव्या शतकात त्याचाही अर्थ ‘रस नसलेला’ असा होता, हे खरे, पण ‘अनइंटरेस्टेड’ (रस नसलेला) या शब्दाशी नंतर रुळलेला त्याचा भेद फार उपयोगाचा आहे.) तो पुसला गेला, तर करारातल्या एकाच वाक्याचे दोन पक्ष दोन अर्थ लावतील. म्हणून शाळेत हा फरक आवर्जून शिकवावा आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी तो कटाक्षाने पाळावा.

– एक वाचक, ठाणे