आधी ऊब, मग पाणी, मग दूध

बोरी, फोंडा
श्रावण

प्रिय सुमे,

फोनवर तू विचारलंस, खारीच्या पिल्लाला दूध कसलं देतेस, आणि मी म्हटलं, लिहून कळवते. नुसतं दुधाचं नाव सांगून भागण्यासारखं नव्हतं म्हणून. दूध ही त्यातली तिसरी गोष्ट. तू मेळघाटात कुपोषित मुलांमध्ये एवढी वर्षं काढलीस, तुला हे शिकवायला नको. पण आपण माणसाच्या मुलांसाठी जे शिकलो, ते मुठीत मावणाऱ्या एका जिवाला जसंच्या तसं लागू पडताना मी पाहिलं, आणि ते तुलाच सांगावंसं वाटलं. इथे दुसऱ्या कुणाला त्यातलं अर्धंही कळायचं नाही.

मृगाच्या शेवटी पावसाने दोन दिवस उघडीप दिली, तेव्हा नारळ उतरवणारा पाडेली आला होता. पावसाआधी उतरवायची राहिलेली माडाची सुकी चुडतं काढायची होती. त्यांच्याबरोबर काथ्याचा आणि चिंध्यांचा एक गोळा खाली आला. चानीचं, म्हणजे खारीचं घरटं. आत तीन पिल्लं. दोन आधीच गेलेली होती, आणि ती काही पडून गेली नव्हती. पोटं पाठीला लागली होती त्यांची. म्हणजे आई केव्हापासून घरट्यात आलेलीच नसणार. तिसरं हलत होतं. ‘वयनी, हें जगचें ना,’ पाडेली म्हणाला, आणि तरीही त्यानेच ते खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात आणून दिलं.

हातात घेतलं तर गार. जिवंत अंग इतकं गार असू नये गं. अंगावर बारीक लव होती, पाठीवरचे तीन पट्टे उमटलेले, डोळे अजून मिटलेले. डोकं तेवढं मोठं, कंबरेची हाडं वर आलेली, शेपटी सुकलेली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. आपण दोघींनी हे किती पोटांवर पाहिलं आहे! स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 22 ग्रॅम. मोठी खार साधारण 100 ग्रॅमची असते. या 22 ग्रॅममध्ये हाड आणि कातडी सोडून काय होतं, देव जाणे.

तेवढ्यात शेजारची माई गाईच्या दुधाची वाटी घेऊन आलीच. बिचारीने कोमट करून, साखर घालून आणलं होतं. मी नको म्हटलं तर तिला वाईट वाटलं. उपाशी पोर समोर आणि ही बाई दूध देऊ देत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सुमे, वॉर्डात नव्या मुलीही असंच बघायच्या ना आपल्याकडे? पण गार पडलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत. त्यात दूध गेलं तर ते पोटात तसंच राहतं, आंबतं, पोट फुगतं, आणि भुकेने जे व्हायचं ते दुधाने होतं. म्हणून आधी ऊब. गरम पाण्याची बाटली जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळली आणि बुटांच्या खोक्यात एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे जास्त तापलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. विजेची शेकपट्टी घरात आहे, पण आमची पावसाळ्यातली वीज तुला ठाऊक आहे. मी बाटलीवरच विसंबले. टॉवेल मुद्दाम घातला नाही, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात.

अंग माझ्या तळव्याइतकं उबदार व्हायला बराच वेळ गेला. तोवर लव विंचरून पाहिली. पावसाळ्यात अशा जिवांवर माशी अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी पांढरी, कानात नाहीतर काखेत. नशिबाने नव्हती. मग ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब हिरडीला लावला, आणि त्यानंतर ओआरएस. इथे मला तुझं रिसोमॅल आठवलं, कुपोषित मुलांसाठीचं ते वेगळं ओआरएस. कुपोषित मुलाच्या शरीरात सोडियम आधीच साठलेलं असतं आणि पोटॅशियम कमी, म्हणून नेहमीचं ओआरएस पूर्ण ताकदीने द्यायचं नाही, हे तूच मला मागे समजावलं होतंस. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनीही निम्म्या ताकदीचंच करायला सांगितलं. थेंब थेंब, मधे थांबून. संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून पुसलं तेव्हा गडद पिवळी लघवी झाली. सुमे, त्या एका थेंबाने मला इतका आनंद झाला की मी माईला हाक मारून दाखवला! (या वयाच्या पिल्लाला आपणहून लघवी होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ते काम कापसाने करावं लागतं, प्रत्येक पाजण्याच्या वेळी.)

आणि हो, पिल्लू परत आईकडे देता येतं का, हे आधी बघायचं असतं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं सगळे म्हणतात, ते खरं नाही. खार तोंडात धरून पिल्लू उचलून नेते. म्हणून पाणी पोटात गेल्यावर खोकं बाटलीसकट त्याच माडाला बांधून मी अंधार पडेपर्यंत पडवीत बसून पाहत राहिले. कुणी आलं नाही. दोघं भुकेने गेलेली पाहिल्यावर येणार नाही हे कळतच होतं, पण बघितल्याशिवाय पिल्लू घरात घ्यायचं नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

आता दूध. गाईच्या दुधात लॅक्टोज भरपूर आणि स्निग्धांश कमी. खारीचं दूध नेमकं उलट, दाट आणि स्निग्ध. गाईच्या दुधाने हगवण लागते आणि हगवणीने असलं पिल्लू एका रात्रीत जातं. कुत्र्याच्या पिल्लांसाठी पावडरचं दूध मिळतं, ते त्यातल्या त्यात जवळचं. ते फोंड्यात मिळालं नाही, भाचा पणजीहून घेऊन आला. पण पहिल्या दिवशी ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे दिलं असतं तर माझ्या हाताने मारलं असतं त्याला. तुला ठाऊकच आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उपाशी कैदी सुटले, त्यांच्यापुढे भरलेली ताटं आली, आणि कितीतरी जण जेवणामुळे दगावले. उपाशी शरीरात एकदम साखर गेली की फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडतं. म्हणूनच कुपोषित मुलांना आधी एफ-75 हे हलकं औषधी दूध, शंभर मिलीला 75 कॅलरी, प्रथिनं कमी, आणि भूक परत आली, पचू लागलं की मगच त्याहून ताकदीचं एफ-100. मी तेच केलं. आधी ओआरएसमध्ये नावाला दूध, मग निम्मं, मग सावकाश पूर्ण ताकदीचं. एका वेळी वजनाच्या पाच टक्के, म्हणजे जेमतेम 1 मिली. दर दोन तासांनी.

पाजायचं कसं तेही लिहिते, कारण तुझ्या नातवंडांच्या हाती कधी असं पिल्लू लागलंच तर बाळासारखं उताणं धरतील. उताणं कधी नाही. पोटावर, डोकं जरा वर. इन्सुलिनची सिरिंज, सुई काढून. थेंब ओठाला लावायचा आणि त्याला चाटू द्यायचं. दट्ट्या आपल्या घाईने दाबायचा नाही. नाकातून बुडबुडा आला की लगेच थांबून डोकं खाली करायचं, नाक पुसायचं. दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि एवढ्याशा छातीला न्यूमोनिया झेपत नाही. मी प्रत्येक वेळी पाजून झालं की त्याला कानाशी धरून श्वास ऐकायचे. बाहेर पाऊस इतका असायचा की न्हाणीघराचं दार लावून ऐकावं लागायचं.

खोकं ठेवलं होतं स्टुलावर, आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. जेवणाच्या कपाटाला आई करायची तसं. नाहीतर मुंग्यांनी एका रात्रीत संपवलं असतं.

वजन रोज सकाळी पाजण्याआधी, त्याच काट्यावर. पहिल्यांदा ते घटलं. मग तिथेच अडकून बसलं. एकदा पोट टम्म झालं, तेव्हा दूध बंद करून परत नुसत्या पाण्यावर आणलं, कोमट कापडाने पोट शेकलं. तुला मी एवढंच सांगते, त्या दिवसांत मला वॉर्डातली ती मुलं आठवायची, ज्यांचा आलेख सपाट असायचा आणि ज्यांच्या आया रोज विचारायच्या, आज तरी वाढलं का? आपण ‘घटलं नाही, हेच चांगलं’ म्हणायचो. तेव्हा मी ते त्यांना धीर द्यायला म्हणत होते असं मला वाटायचं. आता काटा एकाच जागी थांबलेला बघताना ते मला खरोखरच चांगलं वाटलं. शरीर आधी आतलं सावरतं, वजन नंतर. आणि मग एका सकाळी 24. त्यानंतर काटा मागे गेला नाही.

डोळे उघडले ते आधी एक, मग दुसऱ्या दिवशी दुसरा. काळे, ओले, आणि माझ्याकडे नाही तर सिरिंजकडे बघणारे. मला फार आवडलं ते. त्याला मी नको होते, दूध हवं होतं. असंच असायला हवं.

वनखात्याच्या कचेरीत मी दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, रानातला जीव घरात पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांनी नोंद करून घेतली, पशुवैद्याच्या सल्ल्याने सांभाळा आणि सोडताना कळवा म्हणाले. भाच्याच्या मुलीला मात्र ते पटत नाही. तिला ती खांद्यावर हवी असते (मादी आहे, आता ‘ती’ म्हणते). मी तिला हात लावू देत नाही, आणि रडली तरी देत नाही. माणसाला, मांजराला, कुत्र्याला न भिणारी खार बाहेर दोन दिवस टिकत नाही. जिच्यावर माया आहे तिला आपली भीती वाटू द्यावी, हे आठ वर्षांच्या पोरीला कसं सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही.

दात आल्यावर लोक शेंगदाणे, खोबरं द्यायला लागतात, आणि खार ते आनंदाने खाते. पण त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नगण्य. मग हाडं मऊ पडतात, मागचे पाय ओढायला लागते, उडी मारताना मोडतात. आपल्याकडचा मुडदूसच म्हण. म्हणून मी पाला देते, कोवळे कोंब, जास्वंदीच्या कळ्या, दुधी, पेरूचा तुकडा, साल असलेल्या फांद्या कुरतडायला, आणि समुद्रफेन. काणकोणला पाळोळ्याच्या वाळूत सापडतं ना, माणकीच्या, म्हणजे कटलफिशच्या आतलं ते पांढरं हाड? ते उकळून वाळवून ठेवलं आहे. सगळं कॅल्शियमच ते. आणि ऊन. सरीमधून तिरीप आली की पिंजरा अंगणात, अर्धा सावलीत. जाळी बारीक आहे, मांजराचा पंजा जात नाही.

आता तिचा पिंजरा कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या कडेला फणसावर टांगला आहे, आत करवंटीचं घर आणि काथ्या. काथ्या तिने स्वतः ओढून नेऊन भरला, कुणी शिकवलं नाही. दुसऱ्या खारी येऊन जाळीवर बसतात, चिर्रर्र करतात, आणि ही शेपटी झटकून उत्तर देते. काल कावळा आला तर सरळ आत पळाली. मी पडवीतून टाळ्या वाजवल्या. चवथीचा गलबला, फटाके संपले की पिंजऱ्याचं दार उघडं टाकायचं ठरवलं आहे. घर तिथेच राहील, खाणं काही दिवस ठेवत जाईन, यायचं तर येईल.

तू चवथीला येते म्हणालीस, तर जरा रेंगाळ आणि दार उघडायच्या दिवशी इथे राहा. आणि येताना तिथल्या दुकानातून 1 मिलीच्या सिरिंजा आण, बऱ्याच. इथल्या फार्मसीवाल्याकडच्या संपल्या आहेत, आणि पाडेली परवा सांगून गेला की खालच्या वाड्यावर एका मोडक्या माडात अजून एक घरटं आहे.

तुझी,
शकू

ता. क. तुझ्याकडे ती वजनाच्या आलेखाची जुनी वही असली तर तीही आण. मी हिचे आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले आहेत, ते नीट उतरवून ठेवायचे आहेत.