बाबांचे हात, आईची नखे

ती. आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हा दोघांचे रक्त काढून जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या मी पुण्याला घेऊन निघाले, तेव्हा "लेकीने आम्हालाच गिऱ्हाईक केले" असे बाबा म्हणाले होते. रिपोर्ट फोनवरही सांगता आला असता. पण फोनवर आकडा सांगितला की आई "वय झाले आता" म्हणते, बाबा गल्लीतल्या कोणाचे तरी हिमोग्लोबिन याहूनही कमी असल्याचे सांगतात आणि बोलणे ऊसतोडीवर जाते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. औषध कोणते आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. परंतु एकोणीस वर्षे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्यावर जे दिसते, ते घरच्यांनाच न सांगणे बरे नव्हे.

बाबा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुम्ही समईच्या वाती सारख्या करत होतात, तेव्हा तुमच्या बोटांच्या पेरांकडे माझे लक्ष गेले. सांध्यांवरची कातडी आजूबाजूच्या कातडीपेक्षा स्पष्ट काळी आहे. तुम्ही त्याचे खापर उन्हावर फोडलेत. पण ऊन पेरे निवडून काळी करत नाही, आणि तळहाताच्या रेषांत तर ते पोहोचतही नाही. तुमच्या तळहाताच्या रेषाही काळवंडल्या आहेत. शिवाय आयुष्यभर चिवड्यावर आडवा हात मारणाऱ्या माणसाने या वर्षी "तिखट झोंबते" म्हणून ताटली बाजूला सारली. जीभ दाखवा म्हटल्यावर तुम्ही रागावलात, पण दाखवलीत. ती लाल आणि गुळगुळीत होती, वरची खरखर पार गेलेली.

तुमच्या लाल पेशी स्लाइडवर मोठ्या दिसल्या. त्यांचे सरासरी आकारमान मशीनने १०८ दिले. ते ८० ते १०० च्या दरम्यान असावे लागते. हिमोग्लोबिन ११.२ आहे, आणि पुरुषांत ते १३ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. पण माझी नजर अडली ती एका पांढऱ्या पेशीवर. या जातीच्या पेशीचे केंद्रक एरवी तीन-चार पाकळ्यांचे असते. तुमच्या पेशीत मी सहा पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि खुर्ची मागे सारून थोडा वेळ नुसती बसून राहिले. अशी पेशी परक्या माणसाच्या स्लाइडवर दिसली की मी लगेच "बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासावे" असा शेरा लिहून मोकळी होते.

पेशीला दुभंगायचे असेल तर आधी तिच्या डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते आणि त्या कामाला ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की केंद्रक मागे रेंगाळते, बाकीची पेशी मात्र वाढत राहते, आणि अशा बेढब पेशींतल्या बऱ्याचशा अस्थिमज्जेतच, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त घडते तिथेच, फुटून जातात. फुटलेल्या पेशींतून पिवळे रंगद्रव्य सुटते, त्यामुळे फिकट चेहऱ्यावर लिंबासारखी छटा येते. काकूंनी तुम्हाला पाहून "कावीळ तर नाही ना?" असे विचारले ते उगाच नव्हे. अस्थिमज्जा, जिभेचे अस्तर आणि कातडी ही तिन्ही ठिकाणे सतत नव्या पेशी घडवत असतात, म्हणून टंचाई आली की ती तिथे लवकर दिसते. पेरांवरचा काळेपणाही त्याच टंचाईतला असेल, तर उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो उतरतो.

"माळ घालून पंधरा वर्षे झाली, इतके दिवस काही झाले नाही ते आताच कसे?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. यकृतात बी-१२ चा साठा काही मिलीग्रॅमचा असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे माळेनंतर मांस-मासे सुटून आवक घटली तरी साठा काही वर्षे पुरतो. त्यात तुम्ही अकरा वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत आहात आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. या दोन्हींमुळे अन्नातले बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण कमी होते. पण म्हणून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. तुमच्यावरच काही आभाळ कोसळले आहे असेही नाही: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. माळेचे म्हणाल तर औषधातले बी-१२ जिवाणूंकडून आंबवून तयार केले जाते, प्राण्यांपासून नव्हे. कॅप्सूलच्या आवरणाबद्दल शंका असेल, तर साधी गोळी किंवा इंजेक्शन आहे.

आता कोठीत ठेवलेल्या त्या लाल टॉनिकबद्दल. त्यावर 'लोह व फॉलिक ॲसिड' असे छापलेले आहे आणि तुम्ही ते चार महिने घेत आहात, हे मला आईकडून कळले. फॉलिक ॲसिडचा इतिहास आपल्याच मुंबईतला आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिने शोध घेतला. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात हे तिने दाखवले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पण ज्याला कमतरता बी-१२ ची आहे, त्याने नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. तुमच्या पायांना मुंग्या येतात त्या सगळ्या साखरेमुळेच येतात असे आपण धरून चाललो आहोत. त्यांतल्या निम्म्या बी-१२ च्या असल्या तर? उशीर झाला तर ती हानी पुरती भरून येत नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत ती बाटली बंद ठेवा.

साखरेवरून आणखी एक गोष्ट. त्याच नळीतून तुमची तीन महिन्यांची सरासरी काढली, ती ७.९ आली, मात्र घरच्या यंत्रावर उपाशीपोटी १२० ते १३० च्या मध्ये असता. ही तपासणी लाल पेशीला किती साखर चिकटली ते मोजते, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत असते. लोह किंवा बी-१२ कमी असले की पेशींचा हा हिशेब बिघडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. डॉक्टर गोळी वाढवण्याचे म्हणाले, तर घरची वही पुढे करा आणि रक्तक्षयाचेही सांगा.

आई, तुझे रक्त अगदी उलट आहे. हिमोग्लोबिन ९.४, पेशींचे आकारमान ७१. लहान, फिकट पेशी, मध्ये पांढरा गोल आणि कडेला रंगाची बारीक किनार, अधूनमधून पेन्सिलीसारखी लांबोडकी एखादी. लोह कमी असल्याची ही खूण. फराळाच्या वेळी तुझा हात हातात घेतला, तर अंगठ्याचे नख मध्ये दबलेले होते, पाण्याचा थेंब ठरेल इतके. ओठांचे कोपरे चिरले आहेत आणि तू तिथे तूप लावतेस. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकतेस त्याला आपण सगळे हसतो. पण कच्चे तांदूळ, माती, खडू खावेसे वाटणे हेही लोह कमी पडल्याचे लक्षण असते.

तू म्हणशील, अळिवाचे लाडू करते, बीट खाते. लाडू खुशाल कर. बिटाच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा मात्र काही संबंध नाही. पोह्यांवर लिंबू पिळ आणि चहा दीड-दोन तासांनी घे, कारण चहातले टॅनिन लोह अडवून धरते. पण खरा प्रश्न खाण्याचा नाही, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे. शरीर लोह सहजासहजी बाहेर टाकत नाही. दिवसाला मिलीग्रॅम-दोन मिलीग्रॅम, एवढेच. पाळी थांबून तुला सतरा वर्षे झाली. मग लोह जाते कुठे? गुडघ्यांसाठी तू रोज, कधी दोनदा, वेदनाशामक गोळी घेतेस, आणि या गोळ्यांनी पोटात हळूहळू, दुखल्याशिवाय, रक्तस्राव होऊ शकतो. आतड्यात आणखीही कारणे असू शकतात, त्यांची नावे मी इथे लिहीत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौचाला काळे होते आणि रक्ताने काळे झाले तरी कळत नाही, म्हणून आधी शौचाची तपासणी आणि डॉक्टर म्हणाले तर दुर्बिणीची. घाबरू नकोस, पण "मला काय धाड भरली आहे" असे म्हणून टाळूही नकोस.

राहिली ओंकारची मान. नरकचतुर्दशीला उटण्याने तू ती लाल होईपर्यंत घासलीस आणि "किती मळ साचलाय" म्हणालीस. तो मळ नव्हता. ती जाड, मखमली काळी पट्टी आहे आणि काखेतही आहे. रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त वाहू लागले की त्या ठिकाणची कातडी वाढते. चौदाव्या वर्षी हे दिसणे मला बाबांच्या रिपोर्टाइतकेच लागले. एके काळी याच दख्खनच्या पठारावर जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांच्या गळ्याभोवती काळा पट्टा उठत असे. तो पेलाग्रा, नायसिन हे जीवनसत्त्व न मिळाल्याचा, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. तो पट्टा उपासमारीचा होता. आपल्या नातवाचा शीतपेये आणि बिस्किटांचा आहे. दादाशी मी वेगळे बोलेन. तू मात्र त्याची मान घासू नकोस.

जांभळ्या नळीत बी-१२ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, आम्ही करत नाही, त्यासाठी दुसरी नळी लागते. सोबत थायरॉइडही पाहू, कारण कोरडी कातडी आणि रक्तक्षय त्यातही येतो. तोपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून बी-१२ चे इंजेक्शन घेऊ नका, नाही तर आकडा फुगलेला येईल आणि काहीच कळणार नाही. शनिवारी सकाळी सातच्या गाडीने येते. बाबा, टॉनिकची बाटली गव्हाच्या पिंपामागे सरकवू नका, ती जागा मला चौथीत असल्यापासून ठाऊक आहे.

तुमची,
मुक्ता