धानातली उंच ताटं

संपादक महोदय,

मौदा-रामटेककडच्या बांध्यांत धान निसवलं आणि बुटक्या वाणात मधेच हातभर उंच ताटं दिसली, की ‘बियाणं बोगस’ अशी ओरड होते. दर वेळी ते खरं नसतं.

बुटकेपणा येतो ‘एसडी-१’ जनुकाच्या निकामी रूपामुळे. ‘डी-जिओ-वू-जेन’ या तैवानी वाणातून ते १९६६ च्या आयआर-८ या बुटक्या धानवाणात आलं. त्यामुळे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं, पेरं आखूड राहतात. लोंबी मात्र भरते. हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे उंच वाणाचा परागकण पडला की पुढची पिढी उंचच.

खातरजमा सोपी आहे. एका उंच ताटाचं बी वेगळं ठेवून तीसेक रोपं लावा. त्यातली साधारण पाव हिस्सा बुटकी निघाली तर संकर. सगळी उंच, तर सरळ भेसळ, बहुधा खळ्यावर किंवा मळणीयंत्रात झालेली. हे ताट साध्या बांधीतलंच घ्या. बियाण्याच्या प्लॉटातली उंच ताटं फुलोऱ्याआधी मुळासकट उपटलीच पाहिजेत; नुसती कापली तर फुटवे पुन्हा निसवतात. आणि तपासणी खोलगट बांधीत नको, साचल्या पाण्यात बुटकं रोपही लांबतं.

— एक धान पैदासकार, नागपूर